सरांच्या वहीची मागची पानं

डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये आयुष्यभर गणित शिकवलेले आणि संध्याकाळी मुलांना धावायला शिकवलेले एक सर वारले. माजी विद्यार्थ्यांनी त्यांची काहीतरी आठवण उभी करायचं ठरवलं. त्यावर बरेच महिने खल झाला, पैसे जमले, शब्दाला शब्द लागला, आणि शेवटी जे उभं राहिलं ते पहिल्या बैठकीत कुणाच्याच डोक्यात नव्हतं. हे कसं घडलं ते इथे सविस्तर लिहितो आहे, कारण अशा स्मृती-समित्या गोव्यात गावोगाव निघतात आणि बहुतेक ठिकाणी गाडी पहिल्या दोन पर्यायांवरच अडते. मी सरांचा विद्यार्थी, आता दुसऱ्या तालुक्यात शिक्षक. नावं मुद्दाम घातलेली नाहीत, शाळेचंही नाही. आमच्याकडे दोन खुणा सांगितल्या की तिसरी लोक स्वतः शोधून काढतात, म्हणून काही खुणाही गाळल्या आहेत.

मैदान

गोव्यात शाळेचं मैदान म्हणजे फुटबॉलचं मैदान. दोन टोकांना गोलपोस्ट, मधे तांबडी माती, जून ते सप्टेंबर चिखल आणि मार्चनंतर पाऊल टाकलं की धूळ. धावणाऱ्याच्या वाट्याला कडेची पट्टीसुद्धा धड येत नाही, कारण तिथे बघे उभे असतात. आमचे सर शारीरिक शिक्षणाचे शिक्षक नव्हते. ते काम दुसऱ्या सरांकडे होतं आणि त्यांचा सगळा जीव फुटबॉलमध्ये. दोघांत भांडण नव्हतं, तह होता: साडेचार ते साडेपाच धावणारे, त्यानंतर फुटबॉल. साडेपाचला एक मिनिट झालं की बॉल मैदानात यायचा, मग कुणाची शेवटची फेरी चालू असली तरी.

मैदान आखायचं काम सर नववीच्या वर्गाकडून करून घेत. वर्तुळाचा धडा आला की फळ्यावर एक आकृती निघायची. दोनशे मीटरची फेरी हवी. सरळ बाजू ४० मीटरच्या दोन. उरले १२० मीटर, ते दोन अर्धवर्तुळांत. त्रिज्या किती? १९.१० मीटर. सगळे खूश. मग सर विचारत, "रेषेवर पाय देऊन धावणार आहेस का?" धावणारा रेषेच्या बाहेरून धावतो. नुसत्या चुन्याच्या फक्कीने आखलेल्या फेरीत धावण्याची वाट रेषेपासून २० सेंटिमीटर बाहेर मोजतात, म्हणून दोरी धरायची ती १८.९० मीटरची. मधे खुंटी, दोरीच्या टोकाला खिळा, मागून चुन्याची फक्की घेऊन दोघे. पुढचा प्रश्न लेनचा. दुसऱ्या लेनमधल्याला एका फेरीसाठी किती पुढे उभं करायचं? लेनची रुंदी १.२२ मीटर, तिला दोन पायने गुणा: ७.६७ मीटर. आमच्या वर्गातल्या एकाने विचारलं होतं की मोठ्या ४०० मीटरच्या ट्रॅकवर हे अंतर दुप्पट होत असेल ना. सरांनी त्याला उत्तर दिलं नाही, त्रिज्या बदलून पुन्हा गणित करायला लावलं. उत्तर तेच येतं, त्रिज्या गळून पडते. (मोठ्या ट्रॅकवर आतल्या बाजूला थोडा उंचावलेला कठडा असतो आणि पहिली लेन त्याच्यापासून ३० सेंटिमीटरवर मोजतात, म्हणून तिथे दुसऱ्या लेनला ७.०४ मिळतात. सरांना हा फरक फार आवडायचा.) पायथागोरस विसरलेली माणसं आमच्या गटात पुष्कळ आहेत. ७.६७ विसरलेला मला अजून भेटायचा आहे.

घड्याळाच्या बाबतीत सर कठोर होते. हाताने दाबलेल्या घड्याळावर १४.३१ सेकंद आलं तर ते १४.४ लिहायचं, १४.३ नाही. नियम तसाच आहे, पुढच्या दशांशावर न्यायचं. मुलं कुरकुरायची. मग सर पी. टी. उषाची गोष्ट काढत. १९८४, लॉस एंजेलिस ऑलिम्पिक, ४०० मीटर अडथळा शर्यत, तिसरी ५५.४१ आणि उषा ५५.४२. "शंभराव्या भागाने पदक जातं, आणि तू मला दहावा भाग फुकट मागतोस?" पुढे ललिता बाबर रिओ ऑलिम्पिकच्या स्टीपलचेस (३००० मीटरची अडथळ्यांची शर्यत) अंतिम फेरीत दहावी आली तेव्हा मी नोकरीला लागलेलो होतो. सरांचा फोन आला, अभिनंदन मला. मी काय केलं होतं? साताऱ्याकडची, आपल्यासारखी मराठी शाळेतली मुलगी म्हणून बहुधा. फोनवर त्यांनी प्राथमिक फेरीतला तिचा ९:१९.७६ हा राष्ट्रीय विक्रम प्रत्येक किलोमीटरला फोडून सांगितला.

पावसाळ्यात मैदान नसायचंच. मग व्हरांडा, जिने, दोरीवरच्या उड्या. हवेत दमटपणा इतका की घाम अंगावरून हलत नाही, अंग थंड होत नाही आणि त्याच वेगाला छाती जास्त धडधडते. सर म्हणत की जुलैत घड्याळ बघायचं नसतं. जुलैत श्वास बघायचा. उघडीप मिळाली की मयेच्या तलावाकडे जाणारा रस्ता. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि खनिजाचे ट्रक गेले, तेव्हा आमच्या भागातले रस्ते एकाएकी मोकळे झाले. धावायला इतकी चांगली जागा कधीच नव्हती आणि धावणाऱ्यांच्या घरात इतकी ओढगस्त कधीच नव्हती. निम्म्या मुलांच्या घरी ट्रक होता, नाहीतर बाप ट्रकवर होता. २०१५ ला काही खाणी परत चालू झाल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या ८८ लीज रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. हा तपशील या प्रकरणात पुढे कामाला येतो.

गेल्यानंतर

सर गेले ते निवृत्तीनंतर काही वर्षांनी. तेराव्याच्या आत व्हॉट्सॲपचा गट झाला. गटात मुंबई-पुण्याकडचे, गल्फमधले, बोटीवरचे, दोघं-तिघं पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेले, आणि गावात राहिलेले आम्ही थोडे. पहिले काही दिवस नुसता पूर. कुणी फोटो टाकला, कुणी जुनं प्रमाणपत्र. "पांय उखल!" (पाय उचल) ही सरांची मैदानावरची हाक इतक्या वेळा आली की नव्या माणसाला ते गटाचं नाव वाटलं असतं. वर्गात सर शुद्ध मराठी, मैदानावर कोंकणी.

मग रिवाजाप्रमाणे वर्तमानपत्रातली श्रद्धांजली. गोव्यातलं मराठी दैनिक उघडलं की एक अख्खं पान अशा चौकटींचं असतं, फोटो, तिथी, चार ओळी, खाली शोकाकुल. मसुदा एकाने लिहून टाकला: "एक पैसाही न घेता शेकडो मुलांना घडवणारे". सगळ्यांनी अंगठे दिले. फक्त एकाने वेगळंच लिहिलं. तो आमच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, एके काळी ८०० मीटरला तालुक्यात पहिला येईल असा. स्पर्धेच्या आधी सरांनी त्याला संघातून काढलं होतं, कारण तो सरावाला उशिरा यायचा. "घडवणारे वगैरे ठीक आहे, माझं वर्ष घालवलं त्यांनी. वहीत असेल बघा." ॲडमिनने त्याला ते खोडायला सांगितलं. त्याने खोडलं नाही.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यांत उपयोगी निरोप तो होता, कारण सरांची वही होती हे तोपर्यंत आम्ही विसरलो होतो.

पर्याय

पहिल्या बैठकीला गावातल्या देवळाच्या सभागृहात वीसेक जण आले, बाकीचे फोनवर. चार सूचना पुढे आल्या.

अर्धपुतळा, शाळेच्या फाटकाशी. ही सूचना गल्फमधल्यांची. लांब राहणाऱ्याला दिसणारी वस्तू हवी असते, ते मी समजू शकतो. (सरांना पुतळे आवडत नसत असं म्हणायची सोय आहे, पण खरं सांगायचं तर त्यांना तसं विचारायची वेळ कधी आली नव्हती.)

ट्रॅक, म्हणजे बांबोळीच्या स्टेडियमसारखा सिंथेटिक. खर्चाचा नुसता अंदाज ऐकून ती सूचना तिथेच संपली.

तिसरी, स्मृती पारितोषिकाची ठेव. बँकेत काम करणारा आमचा एक मित्र या सूचनेच्या विरोधात होता, आणि त्याने जे सांगितलं ते प्रत्येक शाळेने ऐकण्यासारखं आहे. शाळांच्या बक्षीस समारंभात कै. अमुक स्मृती पारितोषिकांची यादी वाचतात, त्यातली बरीचशी नव्वदच्या दशकातली. तेव्हा मुदत ठेवीवर दहा टक्के आणि वर व्याज मिळायचं. पाच हजारांची ठेव ठेवली की वर्षाला पाचशे रुपये, आणि त्या पाचशेत तेव्हा चांगली ढाल यायची. करोनाच्या काळात व्याज साडेपाच टक्क्यांच्या आसपास आलं. त्याच ठेवीचे मग पावणेतीनशे रुपये. नाव तेच, भाषण तेच, आणि मुलाच्या हातात स्टीलचा पेला. ठेव बुडत नाही, वाळते. वाळलेली ठेव मोडायची कुणाची हिंमत होत नाही, कारण त्यावर कुणाच्या तरी वडिलांचं नाव असतं.

चौथी सूचना मॅरेथॉनची, आणि तिलाच सगळ्यांत जास्त टाळ्या. दर वर्षी सरांच्या नावाने अर्ध मॅरेथॉन, टी-शर्ट, प्रायोजक, तलावाकाठी शेवट. उत्साह खरा होता. पण गटातल्या दोघी, दोघीही सरांच्या हाताखाली राज्य पातळीपर्यंत गेलेल्या, ठाम उभ्या राहिल्या. शालेय स्पर्धांत चौदा वर्षांखालच्या मुलांना ६०० मीटरच्या वर धावायला देत नाहीत. १५०० आणि ३००० येतात ते सतरा वर्षांखालच्या गटापासून. लांब पल्ल्याच्या मोठ्या शर्यतींनाही किमान वयाची अट असते. म्हणजे २१.०९७५ किलोमीटरच्या शर्यतीत सरांच्या शाळेतलं एकही मूल धावणार नाही, धावतील ते पणजीहून गाडीने येणारे. मुलांसाठी दोन किलोमीटरची फन रन ठेवू असं कुणीतरी म्हणालं. त्यातल्या एकीने विचारलं, "आणि बाकीच्या तीनशे चौसष्ट दिवशी त्यांना कोण धाववणार?"

बैठक चहावर संपली. ठराव एकच झाला: काकींना भेटायचं, आणि वही बघायला मागायची.

वह्या

काकी म्हणजे सरांच्या पत्नी. त्यांनी एक नव्हे, ट्रंकभर वह्या काढल्या. लाल कापडी पाठीच्या, हिशेबाच्या दुकानात मिळतात त्या.

पुढून उघडलं की सरांचं अक्षर. प्रत्येक पानावर तारीख, हवामान एका शब्दात, आणि खाली उभे रकाने: नाव, फेऱ्या, वेळ, श्वास, पाय, आणि शेवटचा रकाना "खाल्लं?". त्या रकान्यात पेज, उंडो (गोव्यातला पाव), भात-हुमण (माशाचं कालवण), दोन केळी, भेळ असले शब्द. काही ठिकाणी "काही नाही". आणि जिथे "काही नाही" लिहिलंय त्या ओळीत वेळेचा रकाना कोरा. असं एकदा नाही, पानामागून पान. उपाशी मुलाचं घड्याळ सर लावतच नव्हते. त्याला चालायला लावत, नाहीतर फक्कीचं काम देत. हे आमच्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं. मला आठवतंय ते एवढंच की काही दिवशी मला फक्की मारायला सांगायचे आणि मी रागवायचो.

आमच्या त्या मोठ्या मित्राचं पानही सापडलं. उशीर सात मिनिटं, आदल्या आठवड्यात दहा, आणि पुढे एका ओळीत निर्णय. दुसरं काही कारण नाही, मनात काही वेगळं होतं असा पुरावा नाही. वहीने त्याचंच म्हणणं खरं ठरवलं. पानाचा फोटो त्याला पाठवला. त्याने "बरं" एवढंच लिहिलं.

मग काकींनी वही उलटी करून मागून उघडली. मागच्या पानांवर त्यांचं अक्षर.

इथे थोडा खुलासा हवा. गोव्यातली बहुतेक हायस्कुलं सकाळची. दीड वाजता शाळा सुटते. सराव साडेचारला, कारण त्याआधी ऊन मरणाचं. जवळच्या मुलांना घरी जाऊन जेवून परत येता येतं. लांबच्या वाड्यांवरच्या मुलांना दीडची कदंब (सरकारी बस) चुकवली की घरी जायला लगेच दुसरी बस नाही, आणि घरी गेलं तर परत येणं नाही. म्हणून ती मुलं दीड ते साडेचार शाळेतच. केंद्राची मध्यान्ह भोजनाची योजना आठवीपर्यंत. नववी-दहावीची मुलं, नेमकी १५०० आणि ३००० धावायच्या वयातली, तिच्या बाहेर. ती मुलं सरांच्या घरी जेवत. घर शाळेच्या मागच्या बाजूला, मधे एक व्हाळ (ओढा) आणि त्यावर सिमेंटचा साकव. आम्हा जवळच्यांना ही मुलं "सरांकडे अभ्यासाला" जातात असं वाटायचं.

मागच्या पानांवर तो हिशेब. तांदूळ, मासळी, केळी, दूध. मीठ-साखर: लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाणही एका पानाच्या कोपऱ्यात लिहिलेलं, आणि शेजारी "सोलां (आमसुलं) घातली तर पितात". बसचं तिकीट. कॅनव्हासचे बूट, नंबर पाच, उसने. पुढे "परत केले" असं कुठे नाही. २०१२ नंतरची पानं दाट होत जातात. खाणी बंद झाल्यावर जेवणाऱ्यांची संख्या वाढली, ते नावांवरून कळतं; त्याआधी ज्यांच्या घरी दोन ट्रक होते त्यांच्या मुलांची नावं आता त्यात आहेत.

काही नोंदी पैशाच्या नव्हत्याच. "अमकीच्या आईकडे जाऊन आले. पाठवते म्हणाली." "बांबोळीला मी बरोबर. परत रात्री साडेआठ." मुलींची ये-जा काकींमुळे चालू होती. आठवीनंतर मुलगी मैदानावरून गायब होते ही आमच्याकडची रीत. शाळेतल्या मुली टिकल्या, त्या काकी घरोघरी जाऊन आयांशी बोलल्या आणि प्रत्येक स्पर्धेला स्वतः बरोबर गेल्या म्हणून. पाळीच्या दिवसांत काय करायचं हे मुलींना त्यांनीच सांगितलं होतं. बैठकीत मॅरेथॉनला विरोध करणाऱ्या दोघी त्यातल्याच. त्या दोघी वहीकडे न बघता काकींकडे बघत होत्या. त्यांना यातलं नवीन काही नव्हतं.

श्रद्धांजलीचा मसुदा आम्ही काकींना वाचून दाखवला. त्या "एक पैसाही न घेता" पाशी थांबल्या.

"घेतला नाही, ते खरं. घातला किती ते कुणी विचारलंत?"

कुणी काही बोललं नाही. त्या रागावलेल्या नव्हत्या. चहा ओतता ओतता म्हणाल्या, "माझी तक्रार नाही रे बाबांनो. पण असं छापलंत तर उद्या दुसरा कुणी मास्तर उभा राहील तो म्हणेल, त्यांनी फुकट केलं, मी कसे मागू? आणि त्याच्या घरी माझ्यासारखी नसली तर?"

जाहिरातीतून ती ओळ गेली. चौकट छापून आली तेव्हा तिच्यात फक्त नाव, तिथी आणि "गणित व धावणे" एवढंच होतं. काहींना ते कोरडं वाटलं.

जे ठरलं, आणि जे फसलं

त्या भेटीनंतर पुतळा आणि मॅरेथॉन दोन्ही मागे पडले, कुणी ठरवून नव्हे, आपोआप. नवा विचार साधा होता: सर जे करत होते तेच चालू ठेवायचं. संध्याकाळचा तास, दुपारचं जेवण, वही.

शाळेकडे अर्ज गेला. तिथे बरीच कटकट झाली, आणि ती रास्त होती. बाहेरच्या माणसांना मुलांबरोबर एकटं कसं सोडायचं? मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा आल्यापासून शाळा सावध आहेत. पोलीस पडताळणी, मैदानावर कायम एक शिक्षक, मुली असतील तिथे बाई असणं, पालकांची लेखी संमती, या अटी शाळेने घातल्या. गटातले काही चिडले: "सरांच्या वेळी कुठे होतं असलं?" सरांच्या वेळी काकी होत्या.

पैशांसाठी रीतसर संस्था काढली. १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याला किमान सात सभासद लागतात, ते मिळायला अडचण नव्हती. देणगीदारांना आयकराची सवलत हवी होती, तिची कागदपत्रं आमच्यातल्या वकीलबाईंनी केली. हा भाग कंटाळवाणा आहे आणि ज्याला करायचा आहे त्याने जाणकाराला विचारून करावा.

फसलं ते वेळापत्रक. गावात राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी वार वाटून घेतले. सोमवार मी, मंगळवार तो, असं. ऑक्टोबरमध्ये सुरुवात झाली तेव्हा एकेका दिवशी चार-चार जण घड्याळ घेऊन हजर. तालुका स्पर्धेपर्यंत ठीक चाललं. मग एकाच्या दुकानात लग्नसराई, दुसऱ्याच्या गावची जत्रा, तिसऱ्याचा जत्रेतल्या नाटकात लांबलचक पार्ट. पावसाळा आला आणि व्हरांड्यात कुणीच येईना. मुलं साडेचारला येऊन बसायची आणि साडेपाचला जायची. चतुर्थीपर्यंत त्यांचंही येणं थांबलं. कुणाचा दोष? मला वाटतं, आम्ही सरांच्या कामातला दिसणारा तासच उचलला होता. तो तास धरून ठेवणारी जी बाजू होती ती काकींची, आणि तिला पर्याय म्हणून आम्ही एक एक्सेल शीट बनवलं होतं.

गटातल्या वादाला इथे धार आली. एक बाजू म्हणे, सेवाभाव उरला नाही. दुसरी बाजू, म्हणजे बँकेतला मित्र, त्या दोघी आणि मी, म्हणत होतो की माणूस नेमा आणि त्याला पैसे द्या. पैसे दिले की सरांच्या स्मृतीचा अपमान होतो, हे वाक्य गटात बऱ्याच जणांनी लिहिलं. गंमत अशी की लिहिणाऱ्यांतल्या एकानेही वेळापत्रकात आपला वार घेतलेला नव्हता. निकाल लागला तो मागच्या पानांमुळे. बँकवाल्याने एका जुन्या वर्षाचा काकींचा हिशेब आजच्या बाजारभावाने मांडून गटात टाकला, त्यात सरांचा तास गावातल्या गणिताच्या शिकवणीच्या दराने धरून. आकडा बघून गप्प बसले सगळे. पुतळ्याला जेवढा खर्च येणार होता त्याच्या जवळपास, पण एका वर्षाचा.

नेमणूक झाली ती सरांच्याच एका जुन्या विद्यार्थिनीची, बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) झालेली, दुसऱ्या शाळेत तात्पुरत्या करारावर असलेली. मानधन गणिताच्या शिकवणीच्या दराने, तासावर, पावसाळ्यातही. दुपारचं जेवण शाळेजवळच्या बचत गटाच्या बायका देतात. त्या आधीपासूनच आठवीपर्यंतच्या मुलांचं करतात, नववी-दहावीचे डबे संस्थेच्या खात्यावर. काकींना विचारलं होतं की तुम्ही देखरेख कराल का. त्या म्हणाल्या, आता नाही. आम्ही दुसऱ्यांदा विचारलं नाही.

परिणाम, आतापर्यंत

पदकं मोजून दाखवण्यासारखी नाहीत. काही मुलं तालुक्यातून पुढे गेली. काही फक्त दहावीला मिळणाऱ्या खेळाच्या गुणांसाठी येतात. पालक ते उघड सांगतात, आणि मला त्यात वावगं वाटत नाही. गुणांसाठी आलेलं मूलही जेवतं आणि धावतं. मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त आहे, हा बदल आम्ही योजलेला नव्हता. शिकवणारी बाई आहे म्हणून आया पाठवतात.

वही चालू आहे. नव्या बाईंनी रकाने तेच ठेवले, एक वाढवला: झोप. मोबाइलमुळे मुलं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागी असतात आणि नडगीच्या दुखण्याइतकंच ते त्यांना आडवं येतं, असं त्यांचं म्हणणं. मागच्या पानांवरचा हिशेब आता संगणकावर आहे, दर वर्षी सभासदांना जातो. काकी तो मागून घेतात आणि चष्मा लावून वाचतात. गेल्या वेळी त्यांनी एकच चूक काढली: केळ्यांचा दर जास्त लावलाय.

आर्थिक बाजू पक्की नाही. बाहेरगावच्यांचा पहिल्या वर्षीचा उत्साह ओसरला आहे. काहींना अजून पुतळाच हवा आहे आणि त्यांचे पैसे त्या नावाने वेगळे पडून आहेत. ठेवीच्या व्याजावर मानधन निघत नाही, म्हणून दर महिन्याला थोडे थोडे देणारे शोधावे लागतात. एकदाच मोठी रक्कम देणाऱ्यापेक्षा महिन्याला दोनशे देणारा आमच्या उपयोगाचा, हे देणाऱ्याला पटवणं अवघड जातं, कारण दोनशेची पाटी लागत नाही.

मैदानाचा जुना तह मोडायला आला आहे. फुटबॉलची अकादमी मोठी झाली, त्यांना साडेचारपासूनच मैदान हवं आहे. नव्या बाईंचं म्हणणं, उन्हाळ्यात साडेचारला ऊन असतं, तेव्हा धावणाऱ्यांना साडेपाच द्या आणि फुटबॉल आधी घ्या. फुटबॉलच्या पालकांना ते मान्य नाही, आणि त्यांचे पालक आमच्यापेक्षा संख्येने जास्त. शाळेने चतुर्थीनंतर दोन्हीकडच्यांना बोलावलं आहे. आमच्याकडून वकीलबाई आणि ८०० मीटरवाला तो मित्र जाणार आहेत. यायचं त्यानेच कळवलं.